बाबांच्या नावाचा कॉम्प्रेसर

मामा फ्रिजचं दार उघडण्याआधी त्यावर दोनदा टकटक करायचे. बोटाचं पेर वाकवून, शेजाऱ्याच्या दारावर करावी तशी. मग जरा थांबायचे आणि मगच दार उघडायचे. मी लहान असताना विचारलं होतं, "आत कोण आहे?" तर म्हणाले, "कोन नाही. पर सांगून उघडलेलं बरं." पत्रा कुठे सुटलाय ते आवाजावरून कळतं, असं त्यांनी नंतर आईला समजावलं. आईला ते पटलं. मला आजतागायत पटलेलं नाही.

हैदराबादेत जी मराठी घरं आहेत, म्हणजे आमच्यासारखी जुन्या निजामी मुलखातली शेती मागे ठेवून नोकरीला आलेली, आणि मामांसारखी नांदेडकडून काम शोधत आलेली, त्या सगळ्यांच्या फ्रिजचा वैद्य एकच, हे मामा; नात्याचे नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणत. गौलीगुड्याला, बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, आत एक माणूस कसाबसा वळेल एवढी वाट, आणि बाकी सगळे फ्रिज. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे अगरबत्ती. फ्रिज बिघडला की आमच्याकडे लोक म्हणायचे, "मामांना बोलवा, आपला माणूस आहे." एरवी हा "आपला" शब्द हीच मंडळी जरा हात राखून वापरत. मामांना ते कळत होतं. ते चहा प्यायचे, काम करायचे, आणि कप स्वतः विसळून ठेवायचे. कुणी नको म्हटलं तरी विसळायचे, आणि कुणी नको म्हटलं नाही तर जास्तच लख्ख विसळायचे.

मशिन बंद पडलं, जळालं, मेलं, असले शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. ते "निजलं" म्हणत. बर्फ कधी खात नसत. उसाचा रस घेतानाही हात आडवा करून "बरफ नक्को" सांगत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "दुसऱ्याच्या घरचं गारपण आपल्या पोटात कामून घ्यायचं?" या उत्तराचा अर्थ मला लागला नाही, पण तेव्हापासून बर्फ घातलेल्या रसाचा पहिला घोट माझ्या घशात जरा अडतो.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही सगळ्याच मेकॅनिकांची पद्धत आहे. आतला आवाज स्वच्छ ऐकू येतो. मामा मात्र तोच स्क्रूड्रायव्हर जाता जाता जेवणाच्या टेबलाला लावायचे, चौकटीला लावायचे. एकदा तर आमच्या देवघराच्या पाटालाही लावला. बाबा म्हणाले, "काय रे, देव बोलतोय का?" मामा म्हणाले, "देवाचं माहीत नाही साहेब. घर बोलतंय." त्यांचं म्हणणं असं की फ्रिज वीस-वीस वर्षं एका जागी उभा राहून रात्रंदिवस घुमत असतो. भांडणं ऐकतो, पोरांचे पाढे ऐकतो, खोकला ऐकतो. हल्लू हल्लू ते घर त्याच्या कॉम्प्रेसरात उतरतं. मग तो त्या घरासारखाच चालायला लागतो. हे ते इतक्या साधेपणाने सांगत की ऐकणारा हसायचं विसरून जाई.

मी हसले होते. मला हसायची भारी हौस होती.

आई गेल्यावर मी पुण्याची नोकरी सोडून बाबांकडे, विद्यानगरला राहायला आले. चिक्कडपल्लीत एका घरामागची जुनी मोटारीची शेड भाड्याने घेतली आणि लाकडाचं काम सुरू केलं. बाकदार ट्रे, आरशांच्या गोल चौकटी, असलं काही. लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा, ज्याला व्हिनीअर म्हणतात, तो वाकड्या साच्यावर चिकटवायचा असतो. क्लॅम्प लावले तर चार ठिकाणी घट्ट बसतो आणि पाचव्या ठिकाणी फुगतो. त्यावर खरा उपाय म्हणजे सगळा साचा प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालायचा आणि पिशवीतली हवा काढून घ्यायची. मग बाहेरची हवाच त्याला चहूबाजूंनी सारखं दाबून धरते. त्यासाठी हवा ओढणारा पंप लागतो, आणि तयार पंप माझ्या आवाक्यातला नव्हता.

मामांना सांगितलं. त्यांनी शेड पाहिली, साचा पाहिला, पिशवीवरून हात फिरवला. म्हणाले, "पंप कशाला? फ्रिजचं काळीज काढून देतो."

फ्रिजच्या मागे तळाशी जो काळा, घुमटासारखा बंद डबा असतो, तो कॉम्प्रेसर. त्याला एका नळीने आत घ्यायचं आणि दुसरीने बाहेर टाकायचं एवढंच ठाऊक. आत घेणारी नळी टाकीला जोडायची, बाहेरची मोकळी सोडायची, की टाकी रिकामी होत जाते. मामांनी पंक्चरच्या दुकानातली जुनी हवेची टाकी आणली, लाकडी फळीवर तीन कॉम्प्रेसर ओळीने बसवले, आणि तिघांच्या तांब्याच्या नळ्या वाकवून टाकीला झाळल्या. मध्ये एकमार्गी झडपा घातल्या, नाहीतर कॉम्प्रेसर थांबला की हवा त्याच्यातूनच परत आत शिरते. टाकीवर दाबाचा काटा बसवला. पिशवीतली हवा कोपऱ्यात अडकून राहू नये म्हणून मी महागडी जाळी मागवणार होते. मामांनी मोंढा बाजारातून कांद्याची रिकामी गोणी आणली आणि तीच साच्यावर पसरली. हवेला वाट मिळाली. पहिल्याच दिवशी व्हिनीअर असं बसलं की नखाने शोधूनही फट सापडेना.

तिन्ही सुरू झाले की आधी दणदणाट व्हायचा. टाकीतली हवा कमी होईल तसा आवाज खाली येत जाई. शेवटी टाकी पार रिकामी झाली की ते इतके शांत चालत की बाहेरच्या गल्लीतला भाजीवाला स्पष्ट ऐकू येई. पिशवी साच्याला अंगासरशी चिकटलेली असे. त्या शांततेत मला तिथे एकटीने थांबायला आवडत नसे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"चांगलं ओढतंय हो मामा," मी म्हणाले.

"ओढणारं कोन नसतंय ताई," मामा म्हणाले. "आत जागा रिकामी झाली की बाहेरचं दाबतंय. एवढंच हाय."

त्यांनी तिन्ही डब्यांवर लाल ऑइलपेंटने नावं लिहिली होती. पहिल्यावर "बाई". विद्यानगरला एकट्या राहणाऱ्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईंच्या फ्रिजचा तो. दुसऱ्यावर "आप्पा". चिक्कडपल्लीत कापडाचं दुकान चालवणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्यांचा. तिसऱ्यावर "मेस". तो एका विद्यार्थ्यांच्या खानावळीतला होता. त्याच्याबद्दल मामा जरा तुच्छतेने बोलत. "त्याला काय होनार नाही. तिथं कोन राहत नाही, येतंय आन जातंय."

गळती शोधायची मामांची रीत अगरबत्तीची. फुग्यासारखं आतून फुगवलेलं असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघता येतात. इथे सगळं उलटं. हवा बाहेर येत नाही, आत जाते. म्हणून मामा पेटती अगरबत्ती सांध्यांजवळून संथपणे फिरवत. धूर सरळ वर जात असे, आणि जिथे बारीकशी फट असेल तिथे एकदम वाकून आत नाहीसा होई. तेवढ्या जागी ते झाळ देत. दर सोमवारी सकाळी हे चाले, आणि तोवर शेडमध्ये कुणी पंखा लावायचा नाही.

एका सोमवारी धूर "बाई"जवळ वाकला. नळीच्या सांध्याशी नाही, डब्याच्या पाठीशी, जिथे नुसता अखंड पत्रा असतो. मामांनी अगरबत्ती मागे घेतली, पुन्हा नेली. पुन्हा वाकला. मी म्हणाले, "दारातून वारा येतोय." मामांनी दार लावलं. धूर वाकलाच. त्यांनी अगरबत्ती विझवली आणि आमचं काम तसंच टाकून निघाले. दुसऱ्या दिवशी "बाई" गुरगुरला, थबकला आणि आतून जाम झाला. त्याच संध्याकाळी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाईंचा फोटो आला, हार घातलेला. मामा सोमवारीच त्यांच्याकडे जाऊन बसले होते, हे नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. पाणी मागितलं, प्यायले, भांडं विसळून ठेवलं आणि गेले.

योगायोग, असं मी म्हणाले. बाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. मग चार महिन्यांनी "आप्पा" तापायला लागला. मामांनी त्यात तेल घातलं, ओलं गोणपाट गुंडाळलं, दिवसातून तीनदा स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. आणि मग आप्पांच्या दुकानात जाऊन, काही विकत न घेता, गादीच्या कडेला अर्धा तास बसून आले. तो डबा निजला त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा गेले.

त्यानंतर आमच्या मराठी घरांमध्ये जे झालं ते आठवलं की मला हसूही येतं आणि लाजही वाटते. मामा जिना चढताना दिसले की लोक दार लावून घेऊ लागले. इंजिनिअर, प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, सगळे. एका गृहस्थांनी दुकानात जाऊन, आठ वर्षांपूर्वी दिलेला आपला जुना कॉम्प्रेसर परत मागितला आणि घरी नेऊन कपाटात ठेवला. मामांनी विचारलं, "कपाटात ठेवून काय होनार? चालवायला पाहिजे की." त्या माणसाने म्हणे दोन रात्री विचार केला आणि तो परत आणून दिला. काम मात्र मामांचं कमी होत गेलं. जो माणूस घरचा आवाज ऐकतो त्याला कोण घरात घेणार?

माझ्याकडे आता एकटा "मेस" उरला होता आणि त्याच्याने पिशवी पुरती बसत नव्हती. काम द्यायची तारीख तोंडावर आली होती. नेमका तेव्हाच बाबांनी नवा फ्रिज घेतला, आणि जुना मामांच्या दुकानात जाऊन पडला. मी त्यांना म्हणाले, "आमचा कॉम्प्रेसर काढा आणि जोडा."

मामा हातातली नळी पुसत राहिले. म्हणाले, "हा नक्को ताई. दुसरा बघू. दोन-तीन दिवस द्या."

"का नको?"

"त्या घरात मानूस हाय अजून."

मला राग आला. बाबांबद्दल असं कुणी बोललेलं मला खपत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या रागात भीती होती, म्हणून तो जास्तच चढला. मी म्हणाले, "मामा, तुमची भुतं तुमच्याजवळ ठेवा. आमच्या घरचा डबा आहे, मी सांगते आहे, बसवा. बघूच काय होतं ते."

त्यांना काहीतरी बोलायचं होतं हे मला दिसत होतं. मग म्हणाले, "हौ. तुमच्या घरचा हाय. बसवतो." त्यांनी तो झाळला, तेल घातलं, चालवून पाहिला. रंगाचा डबा आणि ब्रश माझ्यापुढे धरला. "नाव तुमीच लिवा." मी ऐटीत लिहिलं, "बाबा". अक्षरं जरा ओघळली.

सहा महिने तो छान चालला. मी तेवढे सहा महिने मामांना चिडवत होते. "बाबा" सुरू करताना मुद्दाम ओरडून सांगायचे, "बाबा उठले." मामा हसायचे. ते हसणं मला तेव्हा पराभवाचं वाटे.

मग एक दिवस त्याच्यातून टक् असा आवाज आला. आतून कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तसा. मिनिटाने पुन्हा. त्या संध्याकाळी घरी गेले तर बाबा जिन्याच्या मधल्या वळणावर कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "काही नाही गं, दम लागला जरा."

तिथून पुढे मी माणसात राहिले नाही. बाबांना डॉक्टरांकडे नेलं. हृदय थकलंय, जपा, म्हणाले. औषधं सुरू झाली. आणि मी शेडमध्ये जाऊन त्या डब्याला जपू लागले. मी, जिने सगळ्या गावाची थट्टा केली होती. ओला टॉवेल गुंडाळायचा, टेबलपंखा लावायचा, तासभर चालवून तासभर थांबवायचा. एकदा मामांना विचारलं, "बंदच ठेवला तर?" म्हणाले, "मला माहीत नाही ताई. मी मुद्दाम बंद करून कवा बघितलं नाही. नुसता ठेवला तर तेल खाली बसून आतून धरतंय, तेवढं माहीत हाय." म्हणजे चालवला तर झिजणार आणि नाही चालवला तर जाम होणार. घरी बाबांचंही तेच होतं. चालले तर दम लागे, आणि पडून राहिले की पाय सुजत.

मामा तेव्हा रोज यायचे. काम नसलं तरी यायचे. "बाबा"समोर स्टूल टाकून बसायचे आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकायचे. मी टॉवेल भिजवून आणला की अर्धा डब्यावर टाकायचे आणि अर्धा पिळून स्वतःच्या मानेवर ठेवायचे. त्यांना दरदरून घाम यायचा. शेडचा पत्रा तापतो, मी म्हणायचे. एकदा स्टुलावरून उठताना त्यांनी फळीचा आधार घेतला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मी घड्याळ बघत होते, बाबांच्या गोळीची वेळ झाली होती.

ही सगळी कथा बाबांच्या कानावर जाणारच होती. मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी कुणाला तरी सांगितलं. एका सकाळी अकराच्या सुमारास शेडपुढे ऑटो थांबला आणि काठी टेकत बाबा उतरले. मी धावले. मला बाजूला सारून ते आत आले आणि मामांना म्हणाले, "माझ्या नावाचं यंत्र तापलंय म्हणे. कुठे आहे, बघू दे."

मामा उठून उभे राहिले. बाबा त्यांच्या स्टुलावर बसले. लाल अक्षरं वाचली, माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होते. बाबांनी तळहात डब्यावर ठेवला आणि लगेच उचलला. आतून टक् झालं.

"किती वर्षं झाली रे याला?"

"लई झाली साहेब. सत्तावीस-अठ्ठावीस."

"मग आता याला कशाला छळता? बंद करा."

"बाबा, नको," मी म्हणाले. माझा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"अगं, मला रोज सकाळी उठून वाटायला लागलंय की मी नाही, ते यंत्र जगतंय. असं मला नको. जे व्हायचं ते माझं मला होऊ दे." मग मामांकडे वळून म्हणाले, "बंद कर रे."

खिशातून रुमाल काढून मामांनी डब्याची पाठ पुसली, अक्षरांच्या कडेने, अगदी निगुतीने. म्हणाले, "खरंच बंद करायचं म्हनता साहेब?"

"हौ."

"मग तुमीच करा. ते काळं बटन. मला जमनार नाही."

बाबांनी बटण दाबलं. डबा एकदा फळीवर अंग झाडल्यासारखा हलला आणि थांबला. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर बाबा होते तसेच बसले होते, आणि म्हणत होते, "चहा मिळेल का इथे?"

कोपऱ्यावरून चहा आणला. बाबांनी दोन बिस्किटं बुडवून खाल्ली आणि बऱ्याच दिवसांनी बिस्किटाला चव लागली असं म्हणाले. मामांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. "तोंडाला गोडी नाही आज," म्हणाले. कप तसाच भरलेला ठेवून, न विसळता, ते चालत गौलीगुड्याकडे निघाले. पाठमोरे मला जरा वाकलेले वाटले. पण मी बाबांना ऑटोत बसवत होते.

पुढचे तीन दिवस मी बाबांच्या उशाशी बसून काढले. दुपारी त्यांचा डोळा लागला की नाकाशी बोट धरून बघायचे. ते जागे होऊन म्हणायचे, "आहे गं, आहे." चौथ्या दिवशी सकाळी मराठी ग्रुपवर फोटो आला. मामांचा. दुकानातच, शटर अर्धं उघडून खाली बसले ते उठलेच नाहीत.

मला काय वाटलं ते सांगते, कारण लपवून उपयोग नाही. आधी वाटलं, बरं झालं, बाबा नाहीत. मग त्या वाटण्याची किळस आली. मग रडू आलं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे मामांच्या दिवसकार्याला, मी एकटीच गेले. दुकानामागेच दोन खोल्यांचं घर. भन्ते येऊन गेले होते, माणसं जेवून पांगत होती. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी "जय भीम" केला आणि जवळ बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मामींनी विचारलं, "ते मशिन बंदच हाय का हो?"

मला वाटलं त्या बाबांची चौकशी करतायत. म्हणाले, "हो मामी, पण बाबा बरे आहेत."

"बरे राहनारच की. ते त्यांचं कुठं होतं?"

मग त्यांनी सांगितलं. मी पुण्याला होते तेव्हाची गोष्ट. ऐन मे महिन्यात आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला. आत आईचं इन्सुलिन होतं. दुकानात तसा चालू कॉम्प्रेसर नव्हता, दुसरीकडून मिळायला दोन दिवस लागले असते. मामा घरी आले, स्वतःच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढला, आणि तो नेऊन आमच्या फ्रिजला बसवला. आईला एवढंच म्हणाले की चांगला आहे, टिकेल. त्या उन्हाळ्यात मामांच्या घरी सगळे माठातलं पाणी प्यायले. नंतर नवा घेऊ, नंतर घेऊ करता करता राहूनच गेलं.

"आमचं लगीन झाल्यावर घेतलेलं मशिन होतं ते," मामी म्हणाल्या. "तेरा वर्षं या घरात घुमलं. पोरं त्याच्या आवाजात निजली."

"मामा बोलले का नाहीत? मी बसवा म्हणत होते तेव्हा?"

"मी पन तेच मनलं. साहेबांनी बंद केलं त्या दिवशी घरी येऊन हसत सांगत होते, आज आपलं मशिन साहेबांनी निजवलं. मी मनलं, सांगायचं ना तोंडानं. तर म्हनले, कसं सांगू? त्यांना वाटायलंय ते त्यांच्या घरचं हाय. मग सांगायचं म्हंजे दिलेलं बोलून दाखवायचं. वाटू दे."

मी मान वर करू शकत नव्हते. "त्या घरात मानूस हाय अजून," असं ते म्हणाले होते, आणि मी ते बाबांवर घेऊन चिडले होते. सहा महिने मी त्यांच्या तोंडावर त्यांनाच हाका मारत होते. टॉवेल मी भिजवला, पंखा मी लावला, आणि स्टुलावर घामाने निथळत बसलेल्या माणसाकडे एकदा मान वळवून पाहिलं नाही. मला लाज वाटली. ती अजून वाटते.

"मला माफ करा मामी," मी म्हणाले.

"माफीचं काय? त्यांचं झालं." मामींनी पदराने डोळे पुसले. मग माझ्या मनगटाला धरून, शेजारणीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "पर मी हाय की अजून या घरात. ते बंद कामून ठेवलंय?"

मी तिथून थेट शेडमध्ये गेले. भर दुपार होती. डब्यावर चौदा दिवसांची धूळ बसली होती. बटण दाबलं. नुसता गुंगुं आवाज आला आणि आतून खट् होऊन सगळं बंद झालं. जाम झालेला कॉम्प्रेसर असंच करतो. मी गार होऊ दिला, पुन्हा दाबलं. पुन्हा खट्. लाकडी हातोडीने मी त्याच्या पाठीवर हलकेच ठोकलं, आणि हात जोडले, ज्याला जोडले त्याचं नाव मला ठाऊक नाही. चौथ्या वेळी तो अडखळला, आणि फिरला.

आता मी त्याच्यावर काम घेत नाही. त्यासाठी वेगळा पंप आणला आहे. हा मी रोज सकाळी दहा मिनिटं चालवते, पिशवी न लावता. तो सुरू झाला की मामींना फोन करते आणि फोन त्याच्याजवळ धरते. मामी ऐकतात. पलीकडून श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही. ऐकून झालं की विचारतात, "साहेब बरे हायत ना?" मी सांगते, बरे आहेत. आणि बाबा खरोखरच बरे आहेत. काल ते जिना कुठेही न थांबता चढून आले.